पंचवीस मिनिटांत क्रीमी गार्लिक पास्ता: पाणी चढवण्यापासून ताटात वाढेपर्यंत

या पास्त्यात सगळ्यात जास्त वेळ खातं ते पाणी. दीड लिटर पाण्याला घरगुती गॅसवर उकळी फुटायला आठ-दहा मिनिटं लागतात, पास्ता शिजायला आणखी तेवढीच. लसूण सोलणं, कापणं, परतणं, चीज किसणं हे सगळं या दोन्हींच्या पोटातच उरकतं. म्हणून संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आधी पातेल्यात पाणी चढवा, हातपाय मग धुवा. इलेक्ट्रिक केटल असेल तर अर्धं पाणी तिच्यात आणि अर्धं गॅसवर उकळा. चार-पाच मिनिटं सहज वाचतात.

हेच पाणी पुढे सॉसमध्येही जाणार आहे. क्रीमी पास्ता म्हटलं की लोक क्रीमची दोन पाकिटं घेऊन येतात, पण सॉस पास्त्याला धरून राहतो तो मुख्यतः पास्त्यातून पाण्यात उतरलेल्या स्टार्चमुळे. हा स्टार्च तेल, बटर आणि पाणी यांना एकमेकांपासून फुटू देत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये रेस्टॉरंट चालवणाऱ्या आल्फ्रेदो दी लेलियो यांनी ज्या पास्त्याला नाव मिळवून दिलं, त्यात क्रीमचा थेंबही नव्हता. बटर, पार्मेजान चीज आणि पास्त्याचं गरम पाणी, एवढ्यावरच तो मलईदार व्हायचा. क्रीम त्यात आलं ते अमेरिकेत गेल्यावर. आपल्याकडे कॉलेजच्या कँटीनमध्ये मिळतो तो व्हाइट सॉस पास्ता आणखी वेगळा, बटरवर मैदा भाजून त्यात दूध ओतलेला. त्याच्याशी माझं वैर नाही, पण लसणाच्या पास्त्यात मैदा घालू नये असं माझं ठाम मत आहे. मैद्यानं लसणाची चव दबते, गुठळ्यांची धास्ती राहते आणि ताट टेबलावर येईपर्यंत सॉसची खळ होते.

साहित्य

हे माप दोन भुकेल्या मोठ्या माणसांचं आहे. सोबत सूप किंवा ब्रेड असेल तर तिघांना पुरतं.

पास्ता २०० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या पाकिटातला निम्म्याहून थोडा कमी. लसणाचा एक भरगच्च गड्डा, म्हणजे मध्यम आकाराच्या १२ ते १५ पाकळ्या. तेल २ मोठे चमचे, बटर २० ग्रॅम, फ्रेश क्रीम १०० मिली, प्रोसेस्ड चीजचे २ क्यूब म्हणजे साधारण ५० ग्रॅम. ताजी भरडलेली मिरी अर्धा छोटा चमचा, चिली फ्लेक्स आवडीप्रमाणे, मीठ. आणि पास्ता शिजवलेलं पाणी, एक मोठी वाटी भरून बाजूला काढलेलं.

पास्ता निवडताना पाकिटावरची घटकांची ओळ वाचा. तिथे ड्यूरम व्हीट सेमोलिना असं लिहिलेलं हवं. ड्यूरम म्हणजे कडक, पिवळसर दाण्याचा गहू. आपला बन्सी गहू याच जातकुळीतला, आणि बन्सी रव्याचा उपमा मोकळा होतो तोही याच गुणामुळे. इटलीत तर सुका पास्ता ड्यूरमचाच असला पाहिजे असा कायदा १९६७ पासून आहे. साध्या गव्हाच्या रव्याचा किंवा मैद्याचा स्वस्त पास्ता दोन मिनिटं जास्त शिजला की गिच्च गोळा होतो, आणि या पाककृतीत तो शेवटी सॉसमध्येही शिजायचा असल्यामुळे टिकणारच नाही. आकार कुठलाही चालेल. पेने आणि फुसिली ढवळायला सोपे, स्पगेटी दिसायला छान पण घोळवायला चिमटा लागतो. नाचणी-ज्वारीचा पास्ता वापरायचा असेल तर तो पूर्ण शिजवून सॉसमध्ये अलगद मिसळा. त्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातला चिवटपणा देणारा घटक, नसलं की जोरात ढवळल्यावर त्याचे तुकडे पडतात.

तेल ऑलिव्हचं असेल तर उत्तम, नाहीतर रिफाइंड सूर्यफुलाचं चालतं. घाण्याचं शेंगदाणा तेल मला एरवी प्रिय आहे, पण इथे त्याचा वास लसणाशी भांडतो. बटर बहुधा खारवलेलंच असतं, चीजही खारट असतं. हे दोन्ही लक्षात ठेवूनच पाण्यात मीठ घाला.

लसूण

या पदार्थाचं सगळं भवितव्य लसणाच्या तीन-चार मिनिटांवर आहे, तेव्हा इथे जरा थांबू.

लसणाच्या अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती कापली किंवा ठेचली की तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) दुसऱ्या घटकाशी मिसळतं आणि अॅलिसिन तयार होतं. लसणाचा झणका तो हाच. जितका बारीक ठेचाल तितका लसूण तिखट. उष्णता लागली की हे विकर निकामी होतं आणि चव गोडसर होत जाते. आपल्याला या पास्त्यात दोन्ही चवी हव्यात: तेलात मंद शिजलेल्या लसणाचा गोडवा आणि शेवटी थोडासा कच्च्या लसणाचा चटका. म्हणून दोन पाकळ्या बाजूला ठेवा आणि बाकीच्या सगळ्यांच्या पातळ चकत्या करा. जाडी शक्यतो सारखी ठेवा, नाहीतर जाड चकत्या कच्च्या राहतात आणि पातळ करपतात. बाजूला ठेवलेल्या दोन पाकळ्या शेवटी बारीक किसणीवर किसायच्या आहेत. घरात लहान मुलं असतील तर एकच घ्या.

सोलण्याचं काम कंटाळवाणं आहे, विशेषतः गावरान लसूण असेल तर. त्याच्या पाकळ्या बारीक, सालं चिकट, पण वास असा की मोठ्या पाकळीच्या लसणाला येत नाही. पाकळ्या पाच मिनिटं कोमट पाण्यात टाकून ठेवल्या तर सालं सुटतात. नाहीतर सुरीच्या पात्याची सपाट बाजू पाकळीवर ठेवून तळहातानं एक दाब द्या. सोललेला लसूण सुट्टीच्या दिवशी करून कोरड्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवलात तर आठवड्यात दोन-तीनदा कामी येतो. फक्त कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ओट्यावर कधीही ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तशा जागी बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. त्याचा ना वास येतो ना रंग बदलतो, त्यामुळे कळतही नाही.

आता परतणं. इथे फोडणीची सवय विसरावी लागते. आपला हात तेल कडकडीत तापवून मग लसूण टाकण्याला सरावलेला असतो, आणि वरणाला तो लालसर खमंग लसूण शोभतोही. या पास्त्याला शोभत नाही. थंड कढईत थंड तेल घ्या, त्यातच लसणाच्या चकत्या टाका आणि मग गॅस लावा, तोही बारीक. मिनिटाभरात चकत्यांच्या कडेनं बारीक बुडबुडे यायला लागतात. हे बुडबुडे शांत असायला हवेत. तडतड ऐकू आली तर कढई उचला, थोडी खाली येऊ द्या, परत ठेवा. तीन ते चार मिनिटांत चकत्या मऊ होतात, कडा फिकट सोनेरी दिसू लागतात आणि घरभर वास सुटतो. इथेच थांबायचं. गॅस बंद केला तरी तेलाच्या उष्णतेनं लसूण आणखी एक छटा गडद होतोच, तेव्हा हवा त्याहून थोडा फिका असतानाच काढा. तपकिरी झाला की कडू झाला, आणि हा कडवटपणा क्रीमनं, चीजनं, साखरेनं, कशानंही जात नाही. तसं झालंच तर तेलासकट टाकून द्या आणि नव्यानं करा. चार मिनिटांचं नुकसान आहे, अख्ख्या पास्त्याचं नाही.

इंडक्शनवर करणाऱ्यांनी जास्त सावध राहावं. कमी आचेवर बऱ्याच इंडक्शन शेगड्या मधूनमधून बंद-चालू होतात आणि चालू होताना एकदम तापतात. जाड बुडाची कढई घ्या आणि नजर हलवू नका.

पाणी आणि पास्ता

२०० ग्रॅम पास्त्याला दीड लिटर पाणी पुरे. दर १०० ग्रॅमला एक लिटर हा इटालियन दंडक आहे, पण आपल्याला पाण्यात स्टार्च दाट हवा आहे म्हणून मुद्दाम कमी घ्यायचं. पाणी खळखळून उकळलं की सपाट दोन छोटे चमचे मीठ घाला आणि मग पास्ता सोडा. पहिली दोन मिनिटं ढवळत राहा, कारण चिकटायचा असेल तर तो याच वेळात चिकटतो. पाण्यात तेल घालू नका. ते वर तरंगतं, चिकटण्यावर काही उपाय करत नाही आणि पास्ता निथळताना त्याला लागलंच तर सॉस घसरतो.

पाकिटावर ११ मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला एक तुकडा काढून मधोमध तोडून बघा. आत पांढरा ठिपका दिसला पाहिजे. भातात कणी राहते तशीच ही कणी, आणि इथे ती राहू द्यायची आहे. उरलेली दोन मिनिटं तो सॉसमध्ये शिजणार आहे.

पास्ता काढण्याआधी मोठी वाटी भरून पाणी बाजूला काढून ठेवा. थोडं जास्तच काढा. घाईत सगळं पाणी सिंकमध्ये ओतलं जातं आणि मग हळहळायला होतं, म्हणून सोपी युक्ती अशी की चाळणीतच वाटी ठेवून द्यायची. चाळणी हातात घेताना वाटी आठवण करून देते. आणि नूडल्स धुतो तसा पास्ता गार पाण्याखाली धुवायचा नाही. जो स्टार्च हवा आहे तोच मोरीत जाईल.

सॉस आणि पास्ता एकत्र

पास्ता साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला असेल तेव्हा लसूण सोनेरी होत आलेला असावा असा हिशोब ठेवा. लसूण आधी झाला तर हरकत नाही, गॅस बंद करून थांबता येतं. शिजलेल्या पास्त्याला मात्र थांबवता येत नाही.

लसणाच्या कढईत आता पास्त्याच्या पातेल्यातलं गरम पाणी घालायचं, अर्धी वाटी. घालताना कढई गॅसवरून उचलून धरा, कारण तेल उडतं. या पाण्यानं दोन कामं होतात: लसणाचं शिजणं तिथेच थांबतं आणि सॉसचा पाया तयार होतो. कढई परत मध्यम आचेवर ठेवा, बटर घाला आणि मिनिटभर उकळू द्या. मधूनमधून कढई गोल हलवा. वर तेलाचे तवंग दिसत होते ते हळूहळू पाण्यात मिसळून सगळं दुधाळ दिसायला लागलं की समजा जमलं.

आता गॅस बारीक करा आणि क्रीम ओता. आपल्याकडच्या टेट्रापॅकमधल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो. परदेशी पाककृतींत सांगतात ते क्रीम ३५ टक्क्यांच्या वरचं असतं, म्हणून ते खुशाल उकळता येतं. आपलं क्रीम मोठ्या आचेवर फुटतं. केकवर लावायचं व्हिपिंग क्रीम चुकूनही आणू नका. ते बरेचदा वनस्पती तुपाचं आणि गोड असतं. मिरी आणि चिली फ्लेक्स याच वेळी.

क्रीम मिसळलं की कणी राहिलेला पास्ता थेट कढईत टाका, झाऱ्यानं किंवा चिमट्यानं उचलून, थोडं पाणी सोबत आलं तरी बिघडत नाही. मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं सारखं खालीवर करत राहा. सॉस आटतोय असं वाटलं की बाजूला काढलेलं पाणी दोन-दोन चमचे घाला. या ढवळण्यात पास्त्याच्या पृष्ठभागावरचा स्टार्च सुटतो आणि सॉस दाटतो. ही दोन मिनिटं आळस करून, सॉस वरून नुसता ओतून वाढला, तर पास्ता वेगळा लागतो आणि सॉस वेगळा.

गॅस बंद. अर्धा मिनिट थांबा. आता किसलेलं चीज मूठमूठ करून घाला आणि ढवळा, सोबत त्या दोन पाकळ्या किसून घाला. प्रोसेस्ड चीज इथे गुणी आहे. त्यातल्या इमल्सिफाय करणाऱ्या, म्हणजे स्निग्धांश आणि पाणी एकत्र धरून ठेवणाऱ्या क्षारांमुळे ते गुठळी न होता विरघळतं, चव साधी असली तरी फजिती होत नाही. पार्मेजान मिळालं तर ४० ग्रॅम घ्या, चव कितीतरी खोल येते. पण ते गॅस चालू असताना घातलं तर रबरासारखं गोळा होऊन चमच्याला चिकटतं, म्हणून आधी थांबायचं. अस्सल इटालियन पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विकर, असतं. शाकाहारी घरात आणणार असाल तर पाकिटावर हिरवा ठिपका आहे ना ते पाहा. पिझ्झ्याचं मोझरेला मात्र इथे नको, नुसत्या तारा निघतात.

शेवटचं पाणी आता. कढईतला सॉस तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा पातळ दिसला पाहिजे, चमच्यानं रेघ ओढली तर हळूहळू भरून यावी इतका. ताटात गेल्यावर पाच मिनिटांत तो दाट होतोच. चव बघा. मीठ बहुधा लागणार नाही. लिंबाचे चार थेंब मला आवडतात, जडपणा मोडतो, पण ते गॅस बंद झाल्यावरच पिळायचे.

क्रीम नसेल तर साय

घरात रोज दूध तापत असेल तर क्रीमचं पाकीट आणायचीही गरज नाही. आदल्या दिवशीची किंवा त्याच दिवशीची ताजी साय चार मोठे चमचे घ्या, त्यात तीन चमचे दूध घालून काट्यानं किंवा रवीनं चांगली फेटा. फेटली नाही तर सायीचे पापुद्रे सॉसमध्ये तसेच दिसतात. लोण्यासाठी आठवडाभर साठवलेली, विरजण लावलेली साय चालणार नाही. ती आंबट असते आणि गरम कढईत पडताच फुटते. साय वापरली तर बटर निम्मं करा.

सायही नसेल तर पाऊण वाटी म्हशीचं दूध आणि एक जास्तीचा चीज क्यूब. सॉस हलका होतो, पण रोजच्या जेवणाला मला हाच प्रकार जास्त पटतो.

आणखी काय घालता येईल

मश्रूम सगळ्यात चांगले जुळतात. १५० ग्रॅम मश्रूमचे काप वेगळ्या कढईत मोठ्या आचेवर परता, सुटलेलं पाणी आटून कडा तांबूस होईपर्यंत, आणि मीठ त्यानंतरच घाला. पालकाची पानं हातानं तोडून पास्ता कढईत गेल्यावर टाकली की लगेच बसतात. उकडलेले मक्याचे दाणे मुलांना चालतात. ब्रोकोलीचे तुरे पास्ता काढायच्या दोन-अडीच मिनिटं आधी त्याच पाण्यात सोडा, वेगळं भांडं लागत नाही. कोळंबी घालायची तर सोललेली कोळंबी थोड्या तेलात दोन मिनिटं परतून बाजूला काढा आणि अगदी शेवटी मिसळा. जास्त शिजली की वातड होते. कोळंबी असेल तेव्हा चीज निम्मं.

सिमला मिरची मी घालत नाही. ती घातली की पास्ता तिचाच होतो, लसूण शोधावा लागतो. पिझ्झ्यासोबत आलेली ओरेगॅनोची पाकिटं ड्रॉवरमध्ये साठलेली असतात म्हणून ती इथे रिकामी करायची गरज नाही. वरून हिरवं हवंच असेल तर पार्स्ली. कुंडीत सब्जाचं रोप असेल तर त्याची चार कोवळी पानंही चालतील, गोड बेझिल ते हेच.

चौघांसाठी करायचं असेल तर पास्ता, लसूण, क्रीम, चीज दुप्पट घ्या. शिजवायचं पाणी अडीच लिटरच ठेवा. आणि दोन कढया वापरा, कारण एका कढईत ४०० ग्रॅम पास्ता घोळवता येत नाही, नुसता ढकलला जातो.

बिघडलं तर

सॉस फुटला, म्हणजे तेल वेगळं आणि कण वेगळे दिसायला लागले, तर कढई लगेच खाली उतरवा. दोन चमचे पास्त्याचं पाणी घालून जोरात ढवळा, गरज पडल्यास एक चमचा थंड क्रीम. बहुतेक वेळा परत जुळून येतो. फार दाट झाला तर पाणीच, दूध नको. पातळ राहिला तर अर्धा मिनिट मध्यम आचेवर ठेवा, पण चीज घालायच्या आधी. खारट झाला असेल तर क्रीम किंवा दूध वाढवा आणि पास्त्याच्या पाण्याऐवजी साधं गरम पाणी वापरा.

उरलेला पास्ता

दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. फ्रीजमध्ये सॉस गोठून पास्त्यात शोषला जातो, त्यामुळे सकाळी तो कोरडा ठणठणीत दिसतो. मायक्रोवेव्हमध्ये मोठ्या पॉवरवर तापवला तर तेल सुटतं. त्यापेक्षा कढईत तीन-चार चमचे दूध गरम करा, त्यात पास्ता टाका आणि बारीक गॅसवर झाकण ठेवून पूर्ण गरम होऊ द्या, मधे एकदा ढवळा. डब्यात द्यायचा असेल तर फुसिली घ्या, सॉस नेहमीपेक्षा पातळ ठेवा आणि कच्चा किसलेला लसूण वगळा. मधल्या सुट्टीत डबा उघडल्यावर शेजारच्या बाकापर्यंत वास जातो.